रेवदंड्याचे दगड आणि कोर्लईची वाणी

रेवदंड्यावर लिहायला बसलेला मराठी लेखक हटकून दगडांपासून सुरुवात करतो. नारळी-पोफळीच्या वाड्यांतून डोकावणारी तटबंदी, वेलींनी वेढलेल्या कमानी, छप्पर हरवलेली चर्चेस आणि या सर्वांवर मान उंच करून उभा असलेला सातखणी मनोरा, हे सारे वर्णन झाले की 'गतवैभव' हा शब्द येतो, त्यामागोमाग 'काळाचा महिमा' येतो आणि किनाऱ्यावरच्या सूर्यास्तापाशी लेख संपतो. असे लेख आम्ही पुष्कळ वाचले आहेत. आपल्या समाजातील लेखकांनी लिहिलेलेही वाचले आहेत. त्यांत खोटे काही नसते. पण ज्या गावाबद्दल ते लिहिलेले असतात, त्या गावातून सर्वांत महत्त्वाची गोष्ट वगळूनच ते बहुधा लिहिलेले असतात. रेवदंडा बंदराचा खरा वारसा खाडीपलीकडे, कुंडलिकेच्या दक्षिण तीरावर, कोर्लई गावातील आपल्या ख्रिस्ती बांधवांच्या जिभेवर आजही जिवंत आहे. त्या वारशाविषयी आपल्याला फारशी माहिती नाही आणि माहिती नसल्याची खंतही नाही. या लेखातील आमचे भांडण त्या बेफिकिरीशी आहे.

प्रथम बंदराविषयी. आज अलिबागच्या दक्षिणेला असलेले हे छोटे गाव, मच्छीमारांच्या होड्या आणि सुट्टीला येणारे पर्यटक यांच्यापुरते उरलेले दिसते. परंतु रेवदंडा आणि त्याला चिकटून असलेले चौल मिळून जे बंदर होते, त्याचे नाव जगाला दोन हजार वर्षांपासून ठाऊक आहे. टॉलेमीच्या भूगोलातले 'सिमिल्ला' ते हेच, असे विद्वान मानतात. दहाव्या शतकात अरब प्रवासी अल मसूदी याने 'सैमूर' म्हणून त्याचे वर्णन केले. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी घोडा घेऊन चौलला उतरला. १५०८ साली याच बंदराच्या तोंडाशी इजिप्तचे आरमार आणि पोर्तुगीज यांची लढाई होऊन पोर्तुगीज व्हाइसरॉयचा तरुण पुत्र मारला गेला. १५२१ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीच्या परवानगीने पोर्तुगिजांनी येथे किल्ला उभारायला घेतला. १५७०-७१ मध्ये त्याच निजामशाहीने या किल्ल्याला वेढा दिला आणि तो निष्फळ ठरला. १५९४ मध्ये समोरचा कोर्लईचा डोंगरही पोर्तुगिजांच्या हाती आला. १७३९ साली वसई पडली आणि पुढच्याच वर्षी, १७४० मध्ये, तहाने चौल आणि कोर्लई मराठ्यांच्या स्वाधीन झाले.

या बंदराने माणसे किती तऱ्हांची पाहिली! येथे रामेश्वराचे देऊळ आहे, मशिदी आहेत, मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल बांधवांचे सिनेगॉग आहे. काही काळापुरता पाहुणा म्हणून आलेल्या निकितिनचेदेखील स्मारक आहे. १९५७ साली त्याच्यावर 'परदेसी' नावाचा हिंदी चित्रपटही निघाला. निकितिनला स्मारक मिळाले याबद्दल आमच्या मनात किंतु नाही. दूरदेशीच्या प्रवाशाची आठवण ठेवणारे गाव मोठ्या मनाचे असते. पण ज्यांच्या पूर्वजांनी या तटाचे चिरे वाहिले, या चर्चमधून मुलांचे बाप्तिस्मे केले, आणि सत्ता गेल्यावरही ज्यांनी ही भूमी सोडली नाही, त्यांची नोंद कोठे आहे? रेवदंड्याचे पोर्तुगीज अवशेष केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित यादीत आहेत. कोर्लईच्या माणसांची वाणी कोणत्या यादीत आहे?

ही वाणी म्हणजे काय, हे आधी नीट सांगितले पाहिजे, कारण आपल्यातील सुशिक्षितांच्या तोंडूनही तिच्याबद्दल 'मोडकी पोर्तुगीज' असा शब्दप्रयोग आम्ही ऐकला आहे. कोर्लईचे लोक तिला 'नॉलिंग' म्हणतात. अर्थ साधा आहे : आमची भाषा. ती बोलणारे आज हजाराच्या आसपास असतील. शब्दांचा मोठा साठा पोर्तुगीज आहे. पण घडण पाहावी तर मराठीचा हात जागोजागी दिसतो. पोर्तुगीज भाषेत क्रियापद वाक्याच्या मध्यावर येते. कोर्लईत ते मराठीप्रमाणे शेवटाकडे सरकले आहे. पोर्तुगिजांकडून आलेल्या धातूंचे तीन वर्ग या भाषेने ठेवले, आणि मराठीतून आलेल्या धातूंसाठी 'उ'कारान्त असा चौथा वर्ग स्वतः निर्माण केला. उसने घेतलेल्या शब्दाला घरात स्वतंत्र खोली बांधून देणारी ही भाषा आहे. तिला मोडकी म्हणणे हे, फारसीतून शेकडो शब्द घेतले म्हणून मराठीला मोडकी म्हणण्यासारखे आहे.

आता इतिहासाकडे येऊ, कारण या वाणीविषयीच्या अनास्थेचे मूळ इतिहास सांगण्याच्या आपल्या पद्धतीत आहे. रेवदंड्याचा पोर्तुगीज काळ महाराष्ट्रात दोन प्रकारे सांगितला जातो. पहिल्या प्रकारात तो केवळ जुलमाचा काळ असतो. देवळांचा विध्वंस झाला, १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन सुरू झाले आणि १८१२ पर्यंत ते टिकले, ही सत्ये आहेत. ती झाकण्याचा प्रयत्न कोणाही ख्रिस्ती माणसाने करू नये; केला तर तो सुवार्तेशी अप्रामाणिकपणा ठरेल. परंतु या कथनात आजचा ख्रिस्ती माणूस त्या जुलमाचा मागे राहिलेला पुरावा बनून जातो. दुसरा प्रकार आपल्या घरातला आहे. त्यात उंची वस्त्रे नेसलेले सरदार असतात, उत्सवांच्या मिरवणुका असतात, घंटांचे नाद असतात आणि 'आपणही त्या वैभवात होतो' असा एक सुखद गैरसमज असतो.

आम्ही म्हणतो, ही दोन्ही कथने एकाच चुकीवर उभी आहेत. दोन्हींत किल्ल्याच्या मालकांखेरीज माणसेच नाहीत. किल्ल्यात तोफा ओढणारे शिपाई होते, वाड्यांत राबणाऱ्या बायका होत्या, आफ्रिकेतून आणलेले गुलाम होते, याच मातीतले शेतकरी आणि कारागीर होते. नॉलिंग ही व्हाइसरॉयच्या दरबारात जन्मलेली नाही. धनी एक भाषा बोलतो, चाकर दुसरी बोलतात, आणि काम तर एकत्र करायचे आहे, अशा ठिकाणी ही भाषा जन्मली. १७४० साली ज्यांच्यापाशी गलबताचे भाडे होते, नातेवाईक होते, पद होते, ते निघून गेले. ज्यांच्यापाशी काही नव्हते ते राहिले आणि कोर्लईच्या डोंगराच्या आसऱ्याला स्थिरावले. म्हणून जे लोक या भाषेला 'राज्यकर्त्यांची भाषा' म्हणून नाक मुरडतात, त्यांना आम्ही नम्रपणे सांगू इच्छितो, की ही राज्यकर्त्यांनी मागे टाकून दिलेल्या माणसांची भाषा आहे. जुलमाचा हिशेब करायचा असेल तर त्या हिशेबात ही माणसे जमेच्या बाजूला येतात.

येथपर्यंतचे बोलणे बाहेरच्यांशी झाले. आता घरातले बोलणे बोलू, आणि ते अधिक कडू आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनाविधीसंबंधी दस्तऐवज प्रसिद्ध केला आणि लॅटिनच्या जोडीला लोकभाषेला वेदीपाशी जागा दिली. महाराष्ट्रातील आपल्या धर्मग्रामांत मराठी मिस्सा सुरू झाली, मराठी गीते आली, मराठी प्रार्थनापुस्तके आली. या बदलाचे आम्ही मनापासून स्वागत करणारे आहोत. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली प्रसिद्ध झाले, त्या परंपरेला साडेतीनशे वर्षांनी वेदीपाशी मान मिळाला, अशीच आमची भावना आहे. पण कोर्लईत काय घडले? तेथेही लॅटिन गेली, प्रार्थना-गीतांतली पोर्तुगीज मागे सरली आणि मराठी आली. लोकांना त्यांच्या मायबोलीत प्रार्थना करता यावी म्हणून जो बदल झाला, त्या बदलात कोर्लईच्या लोकांची मायबोली कोणती हा प्रश्न विचारला गेल्याचे काही चिन्ह दिसत नाही. महाराष्ट्र म्हणजे मराठी, असे सरळ समीकरण मांडले गेले. परिषदेच्या शब्दांचे पालन झाले आणि तिचा हेतू खाडीच्या अलीकडेच राहिला.

येथे कोणी म्हणेल, एवढ्याशा गावासाठी स्वतंत्र उपासनाग्रंथ काढायचे काय? आमची मागणी तेवढी मोठी नाही. पण मागणीचे बोलण्याआधी या प्रश्नावर घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांचा समाचार घेतला पाहिजे.

पहिला आक्षेप मराठीच्या अभिमानाचा. मोठ्या कष्टाने मराठी ख्रिस्ती समाजाने मराठी साहित्याच्या मुख्य प्रवाहात जागा मिळवली. २०२० साली उस्मानाबादच्या, म्हणजे आजच्या धाराशिवच्या, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषवले. असे असताना पोर्तुगीज-मिश्रित बोलीचा झेंडा कशाला, असे विचारले जाते. आमचे उत्तर असे : वसईत कादोडी बोली टिकावी म्हणून आपलेच लोक लिहीत आहेत, गाणी आणि म्हणी जमा करीत आहेत. त्यामुळे मराठी दुबळी झाली काय? ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. अभिजात भाषेचे मोठेपण तिच्या आश्रयाला आलेल्या लहान भाषा किती सुखाने नांदतात यावरून ओळखावे. शिवाय ज्या भाषेच्या वाक्यरचनेत मराठी अशी मुरलेली आहे, तिचा अभ्यास हा मराठीचाच अभ्यास आहे. गेल्या पाच शतकांत मराठीने परक्या भाषेवर काय संस्कार केला, हे जाणून घ्यायचे असेल तर कोर्लईइतकी उत्तम शाळा दुसरी मिळायची नाही.

दुसरा आक्षेप भीतीपोटी येतो आणि तो आपण उघड बोलत नाही. आधीच आपल्याला परके म्हणणारे थोडे नाहीत. त्यात 'यांची भाषासुद्धा पोर्तुगीज' असे म्हणण्याची त्यांना आयती संधी कशाला द्यावी? ही भीती आम्ही समजू शकतो. तिला उत्तर म्हणून स्वतःला पुसून टाकणे मात्र समजू शकत नाही. १८८७ साली मुंबई-ठाण्याकडच्या आपल्या बांधवांनी, इंग्रज सरकारच्या नोकरीत वेगळे ओळखता यावे म्हणून, स्वतःला 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले. त्या नावाने नोकरी मिळाली असेल. पण पुढे कित्येक घरांतली मराठी बोली इंग्रजीपुढे मागे पडली आणि आज तीच घरे आजीची गाणी शोधत फिरत आहेत. दुसऱ्याला काय वाटेल यावर आपली ओळख बेतली की असे होते. उद्या आपण नॉलिंग विसरलो, म्हणून परके म्हणणारे आपल्याला सख्खे म्हणू लागतील, अशा भ्रमात कोणी राहू नये.

तिसरा आक्षेप पोटाचा आहे आणि तो सर्वांत आदराने ऐकला पाहिजे, कारण तो कोर्लईच्या आईबापांचाच आहे. १९८०च्या दशकात रेवदंड्याच्या खाडीवर पूल झाला, साळावच्या बाजूला कारखाना उभा राहिला, मुले मराठी शाळेत आणि तेथून अलिबाग-मुंबईकडे जाऊ लागली. या भाषेने नोकरी मिळत नाही, हे खरे आहे. मुलांना वर्गात हसतात, हेही खरे असेल. परंतु मुलाला दोन भाषा आल्या तर त्याच्या डोक्यात एकीने दुसरीची जागा बळकावली, असे होत नाही. आपल्या वसई-मुंबईत तीन-तीन भाषा बोलणारी मुले घराघरांत आहेत, आणि ती कोणत्याही परीक्षेत त्यामुळे मागे पडलेली नाहीत. कोर्लईच्या मुलाने मराठी उत्तम शिकावी, इंग्रजीही शिकावी. त्यासाठी आजीशी बोलणे बंद करण्याची अट कोणी घातली? ती अट शाळेने, शेजाऱ्यांनी आणि आपण सर्वांनी, हसून घातली. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेदेखील प्राथमिक शिक्षणात शक्य तेथे घरच्या भाषेला स्थान देण्याची शिफारस केली आहे. आपल्याच संस्था शेकडो शाळा चालवतात. तेव्हा हा प्रश्न सरकारवर ढकलून आपण मोकळे होऊ शकत नाही.

विलंबाचा परिणाम काय होतो याचे उदाहरण दूर नाही. केरळात कोचीनजवळच्या वायपीन बेटावर अशीच एक पोर्तुगीज-मिश्रित बोली शतकानुशतके नांदत होती. ती बोलणारे शेवटचे गृहस्थ २०१० साली निवर्तले आणि तेथली ती भाषा त्यांच्याबरोबर मातीत गेली. एका माणसाच्या अंत्यविधीत एका भाषेचाही अंत्यविधी झाला. वसई, ठाणे, मुंबई या पट्ट्यातही एके काळी कोर्लईसारखीच बोली होती. गोव्याचे थोर भाषापंडित मोन्सिन्योर सेबास्तियांव रुदोल्फ दालगाद यांनी १९०६ साली तिच्यावर लिहून ठेवले, म्हणून ती होती एवढे तरी आपल्याला कळते. एक धर्मगुरू कोकणीचा कोशही रचतो आणि उत्तर पट्ट्यातल्या उपेक्षित बोलीचीही दखल घेतो. त्याला यात विसंगती वाटत नाही. हा आदर्श आपल्या घरातलाच आहे. त्यानंतर नव्वद वर्षांनी, १९९६ मध्ये, कोर्लईच्या भाषेवरचा सविस्तर ग्रंथ लिहिला तो जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकेतील अभ्यासकाने, आणि लिहिला इंग्रजीत. त्यांचे ऋण मानावे तेवढे थोडेच. पण अमेरिकेतून माणूस येऊन कोर्लईच्या ओट्यावर बसतो, आणि मुंबईहून अर्ध्या दिवसात पोहोचणारे आपण रेवदंड्याच्या मनोऱ्यापाशी छायाचित्र काढून परत फिरतो, याची थोडी तरी लाज आपल्याला वाटावी.

तर आमचे म्हणणे मोजके आहे. कोर्लईच्या वडीलधाऱ्या स्त्री-पुरुषांच्या गोष्टी, गाणी, प्रार्थना, शेतीचे आणि स्वयंपाकघराचे शब्द ध्वनिमुद्रित करून ठेवावेत. हे काम गावातल्या तरुण-तरुणींनीच करावे आणि त्याचा खर्च आपल्या संस्थांनी उचलावा. ही भाषा देवनागरीत लिहिण्याची एक सोपी पद्धत गावकऱ्यांशी बसून ठरवावी. त्यांची मुले ती लिपी शाळेत शिकतातच. माउंट कार्मेलच्या मातेच्या सणाला तरी कोर्लईच्या चर्चमध्ये एखादी प्रार्थना, एखादे गीत नॉलिंगमध्ये व्हावे. त्यासाठी धर्माधिकाऱ्यांची जी काही अनुमती लागत असेल ती मागावी, आणि मागणाऱ्यांमागे आपण उभे राहावे. रेवदंड्याच्या अवशेषांपाशी येणाऱ्या माणसाला खाडीपलीकडे त्या बंदराची भाषा बोलणारी माणसे आहेत, हे एका मराठी फलकावरून कळावे. आणि या त्रैमासिकासारख्या आपल्या नियतकालिकांनी कोर्लईच्या लेखकांना पाने द्यावीत : एका बाजूला त्यांची भाषा, दुसऱ्या बाजूला मराठी. यांतले एकही काम लाखो रुपयांवाचून अडणारे नाही. ते इच्छेवाचून अडलेले आहे.

एक सावधगिरीची सूचनाही करून ठेवतो. कोर्लईला आता पर्यटकांच्या नकाशावर आणण्याची भाषा सुरू होईल. भाषा ही पाहुण्यांपुढे सादर करायची वस्तू झाली की ती घरातून लवकर जाते. 'या गावात लोक पोर्तुगीज बोलतात, या आणि ऐका' असली जाहिरात आम्हांला नको आहे. नॉलिंग टिकायची तर ती भांडताना, भाव करताना, मुलाला झोपवताना, मृताच्या उशाशी प्रार्थना म्हणताना टिकली पाहिजे. तो निर्णय अखेर कोर्लईच्या घराघरांतल्या माणसांचा आहे. आपण बाहेरच्यांनी तो त्यांच्यासाठी घेऊ नये. आपण फक्त एवढे करू शकतो, की त्या निर्णयाच्या वेळी त्यांना आपल्या भाषेची लाज वाटणार नाही, अशी परिस्थिती निर्माण करावी. आजवर आपण उलट परिस्थिती निर्माण करीत आलो आहोत.

पेन्टेकॉस्टच्या दिवशी येरुशलेमात जमलेल्या पार्थी, मेदी, एलामी अशा देशोदेशींच्या लोकांना प्रेषितांचे बोलणे आपापल्या भाषेत ऐकू आले, असे 'प्रेषितांची कृत्ये' सांगते. पवित्र आत्म्याने त्या दिवशी सर्वांना एकच भाषा शिकवली नाही. लहान-मोठ्या प्रत्येक भाषेच्या दारी तो स्वतः गेला. महासभेचा जन्म ज्या घटनेतून झाला तिचा हा अर्थ दरवर्षी वेदीवरून सांगायचा आणि कुंडलिकेच्या पलीकडे हजार माणसांची भाषा आपल्या डोळ्यांदेखत विझू द्यायची, या दोन गोष्टी एकत्र कशा बसवायच्या ते आम्हांला उमगत नाही. रेवदंड्याचे दगड आणखी शे-दोनशे वर्षे कसेही उभे राहतील. कोर्लईच्या वाणीपाशी तेवढी सवड नाही.